५ वॅटच्या रिगसाठी लिनिअरचं किट विकायचं आहे, एफसीसीचे नियम नक्की काय म्हणतात?

क्यूआरपीवेडा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून लिहितोय. मी इथे अमेरिकेत हॅम (हौशी रेडिओ) म्हणून जनरल क्लास लायसन्सवर सहा वर्षं एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) आहे, जवळपास सगळं काम ५ वॅटच्या रिगवर (रेडिओ सेटवर). मोर्सला ५ वॅट पुरतात, पण संध्याकाळी ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर) एसएसबी करायला, म्हणजे आवाजात बोलायला, गेलं की समोरच्याला अर्धं ऐकू येतं अर्धं नाही, म्हणून गेल्या हिवाळ्यात एक छोटा लिनिअर (ट्रान्समीटरची पॉवर वाढवणारा अँप्लिफायर) बनवला. दोन आयआरएफ५१० मॉसफेट (पॉवर ट्रान्झिस्टर) पुश-पुलमध्ये, २४ व्होल्टचा सप्लाय, ५ वॅट आत दिले की ४० च्या आसपास बाहेर येतात, आणि ४० नि २० मीटरसाठी वेगवेगळे लो पास फिल्टर (त्या पट्ट्याच्या वरच्या फ्रीक्वेन्सी अडवणारे) जे बोर्डवर खोचता येतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर चार वेळा उकलून परत गुंडाळला तेव्हा कुठे ड्रेन करंट दोन्ही बाजूंना सारखा आला.

क्लबमध्ये दाखवला तर आठ-दहा जण मागेच लागले की आम्हालाही दे, तयार नको, किट दे, आम्ही सोल्डर करू. मग डोक्यात आलं की ३० सेट करावेत, पीसीबी (सर्किट बोर्ड), मॉसफेट, टोरॉइड (तार गुंडाळायची गोल कडी), रिले, भोकं पाडलेला हीटसिंक, सगळं एका डब्यात, ८५ डॉलरला. मे महिन्यात झिनियाला हॅमव्हेन्शन (हॅम लोकांचा मोठा मेळावा) असतं तिथे फ्ली मार्केटमध्ये टेबल घ्यायचं असंही ठरवलं होतं. नफा वगैरे फार नाही, पार्टस् घाऊक भावात मिळावेत एवढाच उद्देश.

आता एक जण म्हणतोय की अँप्लिफायरचं किट विकायला एफसीसीचं (रेडिओचे नियम करणारी अमेरिकन सरकारी संस्था) सर्टिफिकेशन लागतं. दुसरा म्हणतो हॅमने हॅमला विकलं तर काहीच लागत नाही. मला प्रामाणिकपणे कळत नाहीये. ट्रान्सीव्हरची किट्स तर सगळीकडे विकली जातात, त्यांना सर्टिफिकेशन लागत नाही हे मला माहितीये, मग अँप्लिफायरलाच का? आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा कॉल साइन (लायसन्सवरचं ओळखचिन्ह) तपासून मगच दिलं तर चालेल का?

जुनीट्यूब

आधी अभिनंदन, चार वेळा वाइंडिंग उकलून परत करणारा माणूस भेटला की बरं वाटतं. पण टेबल बुक करायच्या आधी थांबा, कारण तुमचा पहिला मित्र बरोबर आहे.

"अँप्लिफायरलाच का" याचं उत्तर १९७० च्या दशकात आहे. ११ मीटर, म्हणजे २७ मेगाहर्ट्झचा पट्टा, आधी हॅमकडे होता, १९५८ मध्ये तो सिटिझन्स बँडला (सीबी, सर्वसामान्यांच्या वापराचा रेडिओ) दिला. सत्तरच्या दशकात सीबीची अशी काही लाट आली की प्रत्येक ट्रकमध्ये आणि निम्म्या गाड्यांमध्ये रेडिओ. कायद्याने त्यांना एएमवर ४ वॅट, बास. आणि बाजारात "१० मीटरचा हॅम लिनिअर" म्हणून खोकी विकली जायची जी प्रत्यक्षात कुठल्याही हॅमने कधी घेतली नाहीत, सगळी २७ वर. शेजाऱ्यांचे टीव्ही बंद पडायचे, तक्रारींचा पाऊस. एफसीसीला एकेका ट्रकवाल्याच्या मागे धावणं शक्य नव्हतं म्हणून त्यांनी विक्रीच पकडली. २७ एप्रिल १९७८ नंतर २४ ते ३५ मेगाहर्ट्झमध्ये चालू शकणारा बाहेरचा (ट्रान्समीटरला वेगळा जोडायचा) अँप्लिफायर बनवणं, विकणं, जाहिरात करणं, आयात करणं बंद. आणि लक्षात घ्या, त्या वाक्यात अँप्लिफायरच्या बरोबरीने किटही स्पष्ट लिहिलेलं आहे, कारण पळवाट तिथूनच निघणार हे त्यांना माहीत होतं.

त्या वेळी हीथकिट या किट विकणाऱ्या कंपनीचा एसबी-२२० हा सगळ्यांचा आवडता होता, दोन ३-५००झेड ट्यूब, घरी आणून आठवडाभर बसून जोडायचा. नियम आल्यावर त्याचा एसबी-२२१ झाला, आणि त्यातून १० मीटर गायब. इतर कंपन्याही १० मीटर अडवून विकायच्या आणि लायसन्सची झेरॉक्स पाठवली की ते उघडायची पद्धत कळवायच्या. म्हणजे २७ वरच्या गैरवापराचा दंड २८ वर कायदेशीर काम करणाऱ्या हॅमनी जवळजवळ तीस वर्षं भरला. मी तेव्हापासून या छंदात आहे आणि याचा मला अजूनही राग आहे.

२००६ च्या डिसेंबरमध्ये हे बरंच सैल झालं. १२ आणि १० मीटर परत मिळाले, आणि अँप्लिफायरला पूर्ण आउटपुटसाठी निदान ५० वॅट ड्राइव्ह (आत द्यायची पॉवर) लागलाच पाहिजे ही जुनी अट गेली (ती अट ४ वॅटचा सीबी सेट थेट जोडता येऊ नये म्हणून होती). तीच राहिली असती तर ५ वॅटच्या रिगचा लिनिअर सर्टिफायच झाला नसता. पण मूळ गोष्ट तशीच आहे, १४४ मेगाहर्ट्झच्या खाली चालणारा बाहेरचा अँप्लिफायर किंवा त्याचं किट विकायचं तर सर्टिफिकेशन हवं. तुमचा ४० आणि २० मीटरचा आहे, म्हणजे त्यात आला.

सीक्यूफॉरएव्हर

जुनीट्यूब काका, आदर आहे पण ९७.३१५ (एफसीसीच्या हॅम नियमांमधलं, म्हणजे पार्ट ९७ मधलं कलम) वाचलंय का नीट? त्यात अपवाद दिलेत आणि त्यातला एक सरळ म्हणतो की अँप्लिफायर हॅम ऑपरेटरला त्याच्या स्टेशनसाठी विकला तर सर्टिफिकेशनची अट लागू नाही. मग याने कॉल साइन बघून विकलं तर अडचण कुठे आहे? शिवाय ऑनलाइन बघा, त्याच आयआरएफ५१० ची किट्स परदेशातून धडाधड येतात, कोणाला काही होत नाही. १९७८ चा राग धरून आपल्याच पोरांना कशाला घाबरवायचं, त्याने मेहनत केलीय, विकू दे की.

जुनीट्यूब

वाचलंय, आणि नुसतं ९७.३१५ वाचून थांबू नये हेच सांगायचंय. ते कलम स्वतःच बोट दाखवतं पार्ट २ मधल्या २.८१५ कडे, आणि विक्रीवरची खरी बंदी तिथे आहे. तिथे हॅम-ते-हॅम विक्रीची सूट आहे, पण कशी? त्या हॅमने एका कॅलेंडर वर्षात त्या मॉडेलचा एकच नग बनवलेला असला पाहिजे, आणि तो मुळात स्वतःच्या स्टेशनवर वापरायला बनवलेला असला पाहिजे. म्हणजे आपण हौसेने बनवला, दोन वर्षं वापरला, आता मोठा घेतला म्हणून हा क्लबातल्या मित्राला दिला. ३० डबे भरून टेबलावर मांडणं त्यात कसं बसवणार सांग.

अजून एक. पूर्वीच्या नियमात हॅमने स्वतः बनवलेल्याला सूट देताना "किटपासून नव्हे" असे शब्दच होते. आज घेणारा हॅम स्वतः जोडत असेल तर त्याला अडचण नाही, हॅमला स्वतःसाठी अँप्लिफायर बनवायचं स्वातंत्र्य पूर्ण आहे आणि ते फार मोलाचं आहे. अडकतो तो विकणारा. परदेशातून येणाऱ्या किटचंही तेच, विकणारा समुद्रापलीकडे आहे म्हणून हाती लागत नाही. याचं नाव, पत्ता, कॉल साइन सगळं एफसीसीच्या डेटाबेसमध्ये आहे. कुणाला काही होत नाही असंही नाही, ट्रक स्टॉपवर सर्टिफिकेशन नसलेले सेट विकणाऱ्यांना एफसीसीने नोटिसा दिल्यात आणि दंडही केलेत.

लोपासवाला

पोटासाठी ईएमसी टेस्टिंगच (उपकरणांचा रेडिओ-व्यत्यय तपासणं) करतो म्हणून सर्टिफिकेशन म्हणजे प्रत्यक्षात काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं एक फॉर्म भरायचा आणि झालं.

एफसीसीकडे रजिस्ट्रेशन नंबर घ्यायचा, ग्रँटी कोड घ्यायचा, मान्यताप्राप्त लॅबमधून टेस्ट करून घ्यायच्या, मग सर्किट डायग्राम, आतले-बाहेरचे फोटो, मॅन्युअल, लेबल, सगळं एका सर्टिफिकेशन बॉडीकडे जातं आणि ते ग्रँट देतात. बिल हजारो डॉलरमध्ये जातं. ३० गुणिले ८५ म्हणजे २,५५० डॉलर तुमची एकूण विक्री, त्यात पार्टस् पण आले. गणित इथेच संपतं खरं तर.

पण समजा पैसे आहेत. अँप्लिफायर पास व्हायला काय लागतं बघा. पहिलं स्पुरिअस, म्हणजे मूळ सिग्नलसोबत निघणारे नको ते सिग्नल. ३० मेगाहर्ट्झखाली, १ जानेवारी २००३ नंतर बसवलेल्या ट्रान्समीटरला हार्मोनिक (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल) वगैरे सगळं मूळ सिग्नलच्या निदान ४३ डीबी (डेसिबल) खाली हवं. ४० वॅटला ४३ डीबी खाली म्हणजे फक्त २ मिलीवॅट. आणि अँप्लिफायर स्टँडबायवर किंवा बंद असताना सिग्नल त्यातून आरपार जातो तेव्हाही हेच तपासतात. मध्यंतरी एका हॅम मित्राने ऑनलाइन मागवलेलं असलंच एक किट जोडून आणलं होतं, फिल्टरशिवाय. अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावून, फ्रीक्वेन्सीनुसार सिग्नल दाखवणाऱ्या अ‍ॅनालायझरवर घेतलं. ७.१ वर छान उंच रेघ, आणि २१.३ वर तिसरा हार्मोनिक जेमतेम १६ डीबी खाली. म्हणजे तो ४० मीटरवर बोलत होता आणि १५ मीटरवरही एक वॅट फेकत होता. त्याला पत्ताच नव्हता कारण वॉटमीटर सगळ्याची बेरीजच दाखवतो, उलट तो खूश होता की पॉवर जास्त येतेय. मला त्याचा चेहरा अजून आठवतो, लगेच पॉवर केबल काढून ठेवली त्याने. तुम्ही फिल्टर दिलेत हे बघून खरंच आनंद झाला.

दुसरं, २६ ते २८ मेगाहर्ट्झमध्ये गेन शून्य डीबी, म्हणजे सिग्नल अजिबात वाढता कामा नये. हे ऐकायला सोपं आहे पण १० मीटरचा बँड बरोबर २८.००० ला सुरू होतो, तेव्हा १० मीटर ठेवायचा असेल तर कॉइल-कपॅसिटरच्या फिल्टरने अशी धारदार कड काढणं जमत नाही. मग बनवणारे आत येणारी फ्रीक्वेन्सी मायक्रोकंट्रोलरने मोजतात आणि त्या पट्ट्यात असेल तर रिले ओढूच देत नाहीत. तुमच्यात १० मीटर नाही त्यामुळे वाटेल की सुटलो, २० मीटरचा लो पास फिल्टर २७ ला दाबेलच.

पण तिसरी अट आहे ना. अँप्लिफायर सहज बदल करून २६ ते २८ वर चालवता येत असेल तर सर्टिफिकेशन नाकारायचं असं लिहिलंय. आणि किटचा खरा गळा इथे दाबला जातो. तुमचा फिल्टर खोचायचा आहे, काढला आणि जागी तांब्याची तार टाकली की तो ब्रॉडबँड अँप्लिफायर २७ वर सुखाने चालेल. सीलबंद खोक्यात बनवणारा काहीतरी युक्ती लढवू शकतो, पण किट म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात सोल्डरिंग आयर्न आणि पूर्ण सर्किट डायग्राम दोन्ही. सहज बदल करता येत नाही हे सिद्ध कसं करणार?

गेनवर १५ डीबीची मर्यादा हाही एक वादाचा मुद्दा, आजकालचे एलडीएमओएस ट्रान्झिस्टर एकटेच २० डीबीच्या वर देतात आणि मग मुद्दाम आत अटेन्युएटर लावून ड्राइव्ह उष्णतेत घालवावा लागतो. २०१६ मध्ये ती अट काढा म्हणून एफसीसीकडे अर्जही झाला होता. तुमचा ५ चे ४० म्हणजे ९ डीबी, तुम्हाला तिचा त्रास नाही. ज्यांना आहे त्यांनी डिझाइन पक्कं करायच्या आधी ईसीएफआरवर (सरकारी नियमांची ऑनलाइन आवृत्ती) ९७.३१७ चा त्या दिवशीचा मजकूर वाचावा, जुन्या पुस्तकांवर जाऊ नये.

क्यूआरपीवेडा

बापरे. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः एका वर्षात एकच नग हे मला कुठेच कोणी सांगितलं नव्हतं. लोपासवाला, खोचायच्या फिल्टरचं तुम्ही म्हणालात ते वाचून मी उठून बोर्डकडे बघून आलो, खरंच, एक तार टाकायचं काम आहे. मी तो फीचर म्हणून अभिमानाने सांगत होतो.

मग अजून एक विचारतो. नुसती रिकामी पीसीबी विकली तर? पार्टस् ज्याचे त्याने घ्यावेत. किंवा पीसीबी आणि गुंडाळलेले ट्रान्सफॉर्मर एवढंच?

जुनीट्यूब

पार्ट ९७ मध्ये किटची व्याख्या अशी केलेली होती की जोडल्यावर बाहेरचा अँप्लिफायर होतो असा सुट्या भागांचा संच, मग तो पूर्ण करायला आणखी भाग लागत असले तरीही. ते शेवटचं "तरीही" महत्त्वाचं, थोडे पार्टस् मुद्दाम वगळून किट नाही म्हणता येऊ नये म्हणूनच ते घातलं. त्यामुळे पीसीबी अधिक ट्रान्सफॉर्मर अधिक मॉसफेट म्हणजे माझ्या मते किटच. निव्वळ रिकामा बोर्ड हा भागांचा संच नाही असं म्हणता येईल, पण त्यावर "४० वॅट लिनिअर" छापून ३० नग विकायला बसलात तर तो वाद तुमच्या खर्चाने होणार, वकिलाला विचारल्याशिवाय मी तरी करणार नाही. आणि हो, जाहिरात हीसुद्धा त्याच बंदीत येते, त्यामुळे क्लबच्या ग्रुपवर "८५ डॉलर, कुणाला हवंय" असं टाकलं असेल तर ते आधी काढा.

टोरॉइडताई

मी जरा वेगळं सांगते. आमच्या क्लबात हाच प्रश्न आला होता आणि आम्ही विक्री हा शब्दच बाजूला ठेवला. डिझाइन ज्याचं होतं त्याने सर्किट, गर्बर फाइल (जिच्यावरून बोर्ड बनवून मिळतो), पार्टस् ची यादी पार्ट नंबरसकट, वाइंडिंगचे फोटो, सगळं फुकट खुलं केलं. प्रत्येकाने आपापल्या नावाने बोर्ड मागवला आणि आपापल्या नावाने पार्टस्. मग तीन शनिवार एकत्र बसलो. प्रत्येक जण लायसन्सधारक, प्रत्येक जण स्वतःच्या स्टेशनसाठी स्वतः बनवतोय, नियमात हेच तर अपेक्षित आहे. घाऊक भाव मिळाला नाही, माणशी थोडे डॉलर जास्त पडले, पण कोणी कोणाला काही विकलं नाही.

आणि त्या तीन शनिवारांत मला जे दिसलं त्यावरून सांगते की ३० किट विकून तुमचं काम संपलं नसतं, तिथे सुरू झालं असतं. आयआरएफ५१० चा टॅब म्हणजे ड्रेन, त्यावर सप्लायचे पूर्ण व्होल्ट असतात. अकरा जणांतल्या दोघांनी इन्सुलेटिंग पॅड न घालता सरळ हीटसिंकवर आवळला, एकाने पॅड घातला पण स्क्रूचं प्लॅस्टिकचं वॉशर विसरला. सप्लायला करंट लिमिट लावून सुरुवात करायची सक्ती होती म्हणून निभावलं, नाहीतर ठिणगीच. शेवटी बायस (मॉसफेटच्या गेटचं स्थिर व्होल्टेज) लावताना प्रत्येकाच्या मागे उभं राहून, पोटेन्शियोमीटर पूर्ण खाली आहे ना बघून, मगच गेटला व्होल्टेज देऊ दिलं. डब्यात घालून पोस्टाने पाठवलेल्या किटच्या मागे असं उभं राहता येत नाही.

आणखी एक रस्ता आहे तो पण बघा. नियम बाहेरच्या अँप्लिफायरला आहे, जो मूळ ट्रान्समीटरचा भाग नाही. तुम्ही म्हणालात तसं ट्रान्सीव्हरच्या किटला सर्टिफिकेशन लागत नाही. तर पुढे कधी तुम्ही स्वतःचा एका बँडचा ट्रान्समीटर डिझाइन केलात आणि हे फायनल (शेवटची पॉवर स्टेज) त्याच बोर्डवर, त्याच फिल्टरसकट, असं केलंत तर तो विषयच वेगळा होतो. पण ते खरोखर एकच यंत्र हवं. लिनिअरच्या बोर्डवर कोपऱ्यात एक ऑसिलेटर चिकटवून ट्रान्समीटर म्हणणं नको, ते कुणालाही कळतं.

लोपासवाला

ताईंना पूर्ण अनुमोदन. जोडीला एक, ज्याला ज्याला हे डिझाइन द्याल त्याला सांगा की ५ चे ४० वॅट झाल्यावर आरएफ एक्स्पोजरचा (माणसांवर किती रेडिओ लहरी पडतात त्याचा) हिशोब नव्याने करायचा. ३ मे २०२१ पासून ठरावीक वॅटच्या खाली म्हणून मिळणारी जुनी सरसकट सूट गेलीय. खिडकीत अँटेना असणाऱ्यांनी तर नक्कीच.

सीक्यूफॉरएव्हर

वर्षात एक नग वाली ओळ आत्ता स्वतः जाऊन वाचली. काका बरोबर आहेत, मी ९७ वरच थांबलो होतो. तरीही मला मनापासून वाटतं की हा नियम बदलायला हवा. ९ डीबीचा ४० वॅटचा अँप्लिफायर, फिल्टर असलेला, आणि दीड किलोवॅटचा राक्षस या दोघांना एकच प्रक्रिया लावणं बरोबर नाही. किट बनवूनच आपल्यातले अर्धे लोक शिकले. कमी पॉवरच्या किटला वेगळी सोपी वाट द्या अशी याचिका एफसीसीकडे कुणालाही करता येते, लिहायला बसायचं असेल तर मी वेळ देईन.

जुनीट्यूब

याचिकेला माझी सही पहिली. मसुदा सुरू केलास तर १९७८ चा इतिहास मी लिहून देतो.

क्यूआरपीवेडा

ठरलं. क्लबच्या ग्रुपवरचा मेसेज आत्ताच डिलीट केला आणि दोघांनी ॲडव्हान्स दिला होता तो परत पाठवला. हॅमव्हेन्शनला टेबल नाही, नुसता माझा चालू अँप्लिफायर घेऊन जाईन, उघडा करून दाखवायला.

रेव्हिजन दोनमध्ये फिल्टर खोचायचे नाहीत, दोन्ही बोर्डवरच सोल्डर केलेले आणि रिलेने बदलणारे. ते विकायचं नसलं तरी करायचंय, कारण ते २१.३ वालं वाचल्यावर कोणी फिल्टर न खोचता माझं डिझाइन चालवेल ही कल्पनाच सहन होत नाहीये. फाइल्स तयार झाल्या की इथेच सगळं खुलं टाकतो. टोरॉइडताई, तुमच्या त्या तीन शनिवारांचं वेळापत्रक असेल तर द्याल का, म्हणजे पहिल्या दिवशी काय आणि बायस कधी लावला वगैरे? आणि लोपासवाला, पहिला बोर्ड जोडला की अ‍ॅनालायझरवर बघून द्याल का, पोस्टाने पाठवू की येऊन भेटू ते सांगा.

लोपासवाला

येऊनच भेटा. दोन्ही बँडचे फिल्टर आणि स्टँडबाय दोन्ही तपासू, डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा) आणि ४० डीबीचा अटेन्युएटर माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त तुमची ५ वॅटची रिग आणि सप्लाय आणा.